डोकेदुखी, चोंदलेले नाक आणि न सोसणारा उजेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोकेदुखीविषयी येणाऱ्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात, तेवढेच येथे घेतले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरे प्रौढांना उद्देशून आहेत. लहान मुलांसाठी प्रश्न १७ आणि गरोदरपणासाठी प्रश्न १८ पाहावा. डोके या क्षणी असह्य दुखत असेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी प्रश्न ३ वाचावा.

१. डोके दुखते, नाक चोंदते आणि उजेड नकोसा होतो. मला सायनस झाला आहे का?

बहुधा नाही. मुळात सायनस हे आजाराचे नाव नाही. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या मागे खोलवर हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांना सायनस म्हणतात आणि ते प्रत्येकालाच असतात. त्यांच्या अस्तराला सूज येते तो आजार म्हणजे सायनुसायटिस. त्यात चेहरा जड होतो, कधी दुखतोही. पण उजेड न सोसणे हे त्याचे ठळक लक्षण नव्हे. पुन्हा पुन्हा येणारी डोकेदुखी आणि तिच्यासोबत उजेडाचा त्रास ही जोडी अर्धशिशीकडे, म्हणजे मायग्रेनकडे, बोट दाखवते. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ जणांना तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या किंवा संभाव्य अर्धशिशीच्या निकषांत बसली. संसर्गाचा पुरावा असलेले रुग्ण या पाहणीतून वगळलेले होते, हे ध्यानात ठेवले तरी गैरसमज किती खोलवर आहे ते यातून कळते. नाव चुकले की औषधही चुकते, म्हणून या भेदाला महत्त्व आहे.

२. अर्धशिशी मेंदूची, मग नाक कशाने चोंदते?

कपाळ, डोळे, गाल, नाकाचे अस्तर आणि मेंदूभोवतालची आवरणे या साऱ्यांच्या वेदना एकाच नसेतून मेंदूकडे जातात. ती म्हणजे पाचवी मेंदूनस, ट्रायजेमिनल. अर्धशिशीत ही नस चेतवली जाते आणि मेंदूच्या देठाशी असलेल्या एका केंद्रामार्फत उलटा संदेश नाकाच्या व अश्रुग्रंथींच्या रक्तवाहिन्यांना मिळतो. त्या फुगतात, अस्तर सुजते, नाक बंद होते, डोळ्यांतून पाणी येते. झणझणीत ठेचा खाल्ल्यावर सर्दी नसतानाही नाक-डोळे वाहतात, तेव्हा जवळपास हाच मार्ग वापरला जातो. म्हणूनच अर्धशिशीतले चोंदलेले नाक कितीही शिंकरले तरी मोकळे होत नाही. तेथे अडकलेला शेंबूड नसून फुगलेले अस्तर असते. नाकातून काही आलेच तर ते पाण्यासारखे पातळ असते. वर उल्लेखिलेल्या पाहणीतही ६३ टक्के लोकांनी नाक चोंदत असल्याचे सांगितले होते.

३. घरी न थांबता लगेच रुग्णालयात कधी जावे?

आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके अचानक, मिनिटभरात कळस गाठेल इतक्या वेगाने दुखू लागले तर. ताप, मान ताठ होणे आणि उजेड न सोसणे ही तिन्ही एकत्र आली, किंवा त्यांच्या जोडीला गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट अथवा अंगावर जांभळे पुरळ आले तर; मेंदूज्वराची शंका तेव्हा घ्यावीच लागते. हात-पाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, शब्द न फुटणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी वेदना, डोळ्याभोवती सूज येऊन एकाचे दोन दिसणे, यांतले काहीही असले तर. डोळा लालभडक, दिव्यांभोवती रंगीत वलये, दृष्टी धूसर आणि उलट्या असा प्रकार काचबिंदूच्या तीव्र झटक्यात होतो. त्याला पित्त समजून आले-लिंबू घेत बसल्यास नजर जाऊ शकते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील हात लावताच दुखत असेल आणि घास चावताना जबडा दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण ही कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या दाहाची खूण असू शकते आणि त्या दाहात दृष्टी अचानक जाऊ शकते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

४. अर्धशिशी आणि सायनुसायटिस यांतला फरक घरी कसा ओळखावा?

तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. डोके दुखताना मळमळते का? उजेड नेहमीपेक्षा जास्त खुपतो का? गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे काम, अभ्यास किंवा घरातले व्यवहार निदान एक दिवस तरी अडले का? तीनपैकी दोन उत्तरे ‘होय’ असल्यास अर्धशिशीची शक्यता बरीच मोठी असते. ही चाळणी २००३ पासून वापरात आहे. मात्र ती केवळ चाळणी आहे, निदान डॉक्टरांनीच करायचे.

अर्धशिशीचा झटका औषधाविना ४ ते ७२ तास टिकतो, मग पूर्ण ओसरतो, आणि काही दिवसांनी वा आठवड्यांनी परत येतो. वेदना ठसठसते, जिना चढल्यावर वाढते, माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहणे पसंत करतो. जिवाणूंमुळे होणारा सायनुसायटिस बहुधा साध्या पडशाच्या पाठोपाठ येतो. त्यात नाकातून किंवा घशामागे घट्ट पूसारखा स्राव येतो, वास कमी होतो, वरच्या दाढा दुखतात, कधी ताप असतो; आणि हे सारे १० दिवसांनंतरही उतरत नाही, अथवा जरा बरे वाटून पुन्हा जोराने उलटते. ‘खाली वाकल्यावर कपाळ दुखते, म्हणजे सायनसच’ हा समज सर्वत्र आढळतो. वाकल्यावर दोन्हींत दुखते, म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही.

५. माझे तर दोन्ही बाजूंनी दुखते. अर्धशिशीत अर्धेच डोके दुखते ना?

नावाने घातलेला हा घोळ आहे. अर्धी बाजू दुखणे हा निकषांपैकी एक आहे, अट नव्हे. अनेकांचे संपूर्ण कपाळ, दोन्ही डोळ्यांमागचा भाग किंवा मानही दुखते. गालांवर दाब जाणवणेही अर्धशिशीत नवे नाही, कारण गालांची नस तीच आहे (प्रश्न २).

६. उजेडाचाच एवढा त्रास का होतो? घरात गॉगल लावून बसावे का?

डोळ्याच्या पडद्यात प्रतिमा पाहण्यासाठी नसलेल्या, केवळ उजेड किती आहे याची नोंद घेणाऱ्या काही चेतापेशी असतात. त्यांचे तंतू मेंदूतील थॅलॅमस या भागातल्या अशा पेशींपर्यंत पोहोचतात, ज्यांना मेंदूच्या आवरणांतली वेदनाही येऊन मिळते. उजेड आणि वेदना अशा एका ठिकाणी भेटतात, म्हणून दिवा लावताच ठणका वाढतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, काहीही दिसत नसलेल्या पण प्रकाशाची जाणीव शाबूत असलेल्या अंध व्यक्तींनाही झटक्यात उजेडाचा त्रास होतो असे आढळले. तेव्हा ‘नंबर वाढला असेल’ हे उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते, अर्थात नंबर तपासून घ्यायला हरकत नाही.

उन्हात गॉगल आणि टोपी जरूर वापरावी. घरात, विशेषतः झटका नसताना, दिवसभर गडद गॉगल लावणे मात्र टाळावे. डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा ट्यूबलाइटही झोंबू लागतो. त्याऐवजी लुकलुकणारी ट्यूब बदलावी, खिडकीकडे तोंड करून बसू नये, मोबाइलची तीव्रता कमी ठेवावी. आणखी एक गोष्ट: उजेड खुपू लागणे ही कधी कधी झटक्याची सुरुवातच असते. वारंवार जांभया येणे, मान आखडणे, गोड खावेसे वाटणे याही त्याच आगाऊ खुणा. त्यामुळे ‘उन्हामुळे डोके उठले’ असे वाटते तेव्हा झटका आधीच सुरू झालेला असू शकतो.

७. झटका आल्यावर नेमके काय करावे?

औषध लवकर घ्यावे. ‘बघू, थांबेल’ म्हणत दुपार काढली की जठराची हालचाल मंदावते, गोळी नीट शोषली जात नाही आणि उलटीत निघून जाते. सौम्य ते मध्यम झटक्यात पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलीग्रॅम, अथवा चालत असल्यास आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, काहीतरी खाऊन घ्यावे. प्रौढाने २४ तासांत पॅरासिटामॉल एकूण ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये. यकृताचा विकार, नियमित मद्यपान किंवा खूप कमी वजन असल्यास मर्यादा त्याहून खाली असते. आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आयबुप्रोफेनच्या वर्गातली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. डेंग्यूच्या हंगामासाठी प्रश्न १६ पाहावा.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशी खास अर्धशिशीची औषधे देतात. ती वेदना सुरू होताच घ्यायची असतात. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ती चालत नाहीत, म्हणून शेजारणीच्या डब्यातली गोळी घेऊ नये. मळमळ जास्त असल्यास उलटीचे औषधही आधी मागून ठेवावे. अंधारी, शांत खोली, कपाळावर गार पट्टी, घोट घोट पाणी आणि जमल्यास झोप. यातली झोप पुष्कळदा गोळीच्या बरोबरीने काम करते.

८. सर्दीच्या गोळीने माझे डोके थांबते. मग तो सायनसच ना?

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण गोळीच्या वेष्टनावरील घटक वाचल्यावर गळून पडतो. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असते, काहींत कॅफीनही असते, आणि हे दोन्ही घटक अर्धशिशीवर चालतात. त्यांतल्या क्लोरफेनिरामिन या ॲलर्जीविरोधी घटकामुळे झोप येते, तिचाही फायदा होतो. नाक मोकळे करण्यासाठी त्यात घातलेले फिनायलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यास उपयोगी पडत नाही, असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने दिले. गुण आला तो वेदनाशामकाचा. सायनस सिद्ध झाला नाही. धोका असा की सर्दीची गोळी आणि वर तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉलची मात्रा नकळत दुप्पट होते.

९. नाकात थेंब टाकले की बरे वाटते. रोज टाकले तर चालतील का?

नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास अस्तर त्यांच्यावर अवलंबून राहते. थेंबाचा असर उतरला की नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि बाटली उशाशी येते. ही सवय सोडवण्यासाठी डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा नाकातला फवारा देतात. मिठाच्या पाण्याच्या थेंबांना हा नियम लागू नाही.

१०. वाफ, बाम, सुंठीचा लेप, जलनेती यांचा उपयोग होतो का?

पडशात वाफेने घटकाभर मोकळे वाटते. अर्धशिशीत काही जणांना उष्णतेने उलट वाढते, त्यांनी गार पट्टी धरावी. बाम आणि सुंठीचा लेप त्वचेवर जी झणझण निर्माण करतात तिच्यात वेदनेचा थोडा विसर पडतो, एवढेच. त्यांच्या उग्र वासाने मळमळ वाढत असेल तर दूर ठेवावेत. लहान मुलांजवळ उकळत्या पाण्याचे पातेले ठेवू नये आणि कापूर त्यांच्या नाकाशी किंवा पोटात जाऊ देऊ नये, कारण पोटात गेलेल्या कापराने मुलांना फिट येऊ शकते.

जलनेतीचा फायदा ॲलर्जीच्या व जुनाट सायनसच्या त्रासात होतो. पाणी मात्र निदान एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे क्वचित घडते, पण घडल्यास बहुतेकदा जीव जातो.

११. स्कॅनमध्ये ‘सायनसचे अस्तर जाड’ आणि ‘नाकाचे हाड वाकडे’ असे आले आहे. ऑपरेशन करून टाकावे का?

घाई करू नये. काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या स्कॅनमध्येही अस्तर थोडे जाड दिसणे ही नित्याची बाब आहे, आणि नाकाचा पडदा तंतोतंत सरळ असलेली माणसे कमीच. स्कॅनमध्ये दिसले ते डोकेदुखीचे कारणच असेल असे नाही. श्वास घेण्यास सतत अडथळा, नाकातले मांसाचे कोंब, बुरशी, किंवा औषधांना न जुमानणारा सिद्ध सायनुसायटिस यांसाठी शस्त्रक्रिया योग्य ठरते. केवळ डोके दुखते आणि उजेड खुपतो म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीच डोकेदुखी घेऊन पुन्हा येणारे रुग्ण असतात. तारीख ठरवण्यापूर्वी न्यूरॉलॉजिस्टचे, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाचे, मत घ्यावे.

१२. शेंबूड हिरवा झाला आहे. अँटिबायोटिक सुरू करू का?

रंगावरून नाही. विषाणूच्या साध्या पडशातही तो पिवळा-हिरवा होतो आणि ७ ते १० दिवसांत बहुधा आपोआप निवळतो. अँटिबायोटिकचा विचार कधी होतो ते प्रश्न ४ मधील १० दिवसांच्या आणि ‘बरे वाटून उलटण्याच्या’ खुणांवरून, किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस मोठा ताप आणि पूसारखा स्राव असल्यास डॉक्टर ठरवतात.

१३. संकष्टीला डोके हमखास उठते. उपवास सोडावा का?

उपाशी राहणे हे अर्धशिशीच्या परिचित कारणांपैकी एक आहे, आणि संकष्टीचा उपवास चंद्रोदयापर्यंत ताणला जातो. त्यात दिवसभर पाणी कमी आणि चहा एक तर जास्त, नाही तर एकदम बंद. रोज भरपूर चहा-कॉफी घेणाऱ्याचे कॅफीन अचानक तुटले तरी दिवसभरात डोके दुखते. उपवास करायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी ताक, फळ, राजगिऱ्याचा लाडू असे काही घ्यावे, पाणी मोजून प्यावे आणि चहाची वेळ रोजचीच ठेवावी. निर्जळी करू नये. श्रद्धेचा निर्णय ज्याचा त्याचा. महिन्याला ठरलेल्या तिथीला झटका येतच असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

बाकीची कारणे व्यक्तीगणिक निराळी असतात: जागरण, रविवारी दहापर्यंत लोळणे, पाळीच्या आधीचे दिवस, उग्र अत्तर, दाटलेला उदबत्तीचा धूर, मिरवणुकीतले लेझर दिवे आणि भिंती. म्हणजे आवाजाच्या भिंती. दोन महिने साध्या वहीत तारीख, वेळ, काय खाल्ले, किती झोप झाली, कोणती गोळी घेतली हे लिहावे. ती वही स्कॅनपेक्षा बरेचदा जास्त सांगते.

१४. महिन्यातून किती गोळ्या चालतात?

साधे वेदनाशामक महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या अथवा ट्रिप्टान (प्रश्न ७ मधल्या सुमाट्रिप्टानसारखी औषधे) १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की औषधामुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. येथे गोळ्या मोजायच्या नसून दिवस मोजायचे आहेत. आठवड्यातले दोन दिवस ही सोपी मर्यादा. ती ओलांडली जात असेल तर गोळी बदलून भागत नाही. प्रश्न १५ पाहावा.

१५. रोज घ्यायची प्रतिबंधक औषधे कोणाला लागतात?

महिन्यात साधारण चार किंवा अधिक दिवस त्रास होत असेल, किंवा झटके थोडे पण माणसाला आडवे करणारे असतील, तर. प्रोप्रॅनोलॉल (दमा असल्यास नाही), ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, आणि आपल्याकडे बरेच लिहिले जाणारे फ्लुनारिझिन ही नावे चिठ्ठीवर दिसतील. फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढू शकते, मन खिन्न होऊ शकते. टोपिरामेट आणि याच कामासाठी कधी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक असल्याने मूल हवे असलेल्या किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. औषध लागू पडते की नाही हे दोन महिने होण्याआधी ठरवू नये. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारेच अधिक असतात.

१६. पावसाळ्यात ताप आला आहे आणि डोळ्यांमागे दुखते. हेही अर्धशिशीच का?

ताप असल्यास तसे गृहीत धरू नये. डोळ्यांमागची वेदना आणि अंगदुखी हे डेंग्यूचे नेहमीचे रूप आहे. रक्ततपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालणे झाले असेल, अथवा भातशेतीत काम केले असेल, आणि ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे दिसत असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवावे.

१७. मुलांना अर्धशिशी होते का?

होते. मुलांत झटका छोटा, कधी दोनच तासांचा असतो, दोन्ही बाजूंनी दुखते आणि पोटदुखी-उलटीच पुढे दिसते. मूल स्वतःहून ‘उजेड नको’ असे म्हणत नाही. ते पांघरूण डोक्यावर घेऊन झोपते. त्याला शाळेची टाळाटाळ समजू नये. १६ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. पहाटे झोपेतून उठवणारी वेदना, रोज सकाळच्या उलट्या किंवा तोल जाणे असल्यास तातडीने तपासावे.

१८. गरोदरपणी आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना काय पाहावे?

गरोदरपणी पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय. आयबुप्रोफेनच्या वर्गातली औषधे, विशेषतः २० आठवड्यांनंतर, टाळावीत. २० आठवड्यांनंतर नव्याने डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा चेहरा-हात सुजले तर लगेच रक्तदाब मोजून घ्यावा. वेदनेआधी ५ ते ६० मिनिटे नागमोडी चमकत्या रेषा दिसणे किंवा मुंग्या येणे याला ऑरा म्हणतात. तो होत असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

१९. मला मधुमेह आहे. माझ्यासाठी काही वेगळे?

होय. साखर आटोक्यात नसताना चेहऱ्याची एक बाजू दुखणे वा बधिर होणे, नाकातून काळपट खपली किंवा रक्ताळ स्राव, डोळ्याखाली सूज, हलणारा दात ही म्युकरमायकोसिसची लक्षणे असू शकतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने ही बुरशी जवळून पाहिली. येथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

२०. एकाच डोळ्यामागे भयंकर दुखते, डोळा लाल होतो, त्याच बाजूचे नाक वाहते, पण तासाभरात थांबते. हे काय?

ही बहुधा क्लस्टर डोकेदुखी. झटका १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंत, पुष्कळदा रोज ठरलेल्या वेळी, रात्री झोपेतून उठवणारा. अर्धशिशीचा रुग्ण निश्चल पडतो, हा माणूस येरझाऱ्या घालतो. एवढ्या एका फरकावर निदानाची दिशा बदलते. साध्या गोळीचा असर होण्याआधी झटका संपतो, म्हणून उपचारही वेगळा आहे: मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू किंवा सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन, तेही न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने.

२१. मला धुळीची ॲलर्जीही आहे आणि अर्धशिशीही. आधी कोणाकडे जाऊ?

दोन्ही एकत्र असणे नित्याचे आहे, आणि चोंदलेल्या नाकामुळे झोप मोडली की झटकेही वाढतात. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे करावी आणि प्रश्न १३ मधली वही सोबत न्यावी. शिंका, नाकाला खाज आणि पाणी असेल तर ॲलर्जीसाठी स्टेरॉइडचा फवारा रोज, नळी मधल्या पडद्याकडे न रोखता कानाच्या दिशेने धरून, काही आठवडे मारावा लागतो. त्याने नाक मोकळे झाले आणि तरीही उजेड खुपणारी डोकेदुखी पूर्वीसारखीच येत राहिली, तर पुढची चिठ्ठी कान-नाक-घसा तज्ज्ञांऐवजी न्यूरॉलॉजिस्टच्या नावाने मागावी.